जन्माने फरारी : फ्लिंक्सच्या शेवटच्या खंडाविषयी

शंकरराव खरात यांनी १९८१ साली आपल्या आत्मकथनाला 'तराळ-अंतराळ' हे नाव दिले. या नावातल्या पहिल्या शब्दावर आपण पुष्कळ बोललो. तराळकी, गावकी, हाळी, भाकरी यांची उजळणी आपल्या चर्चासत्रांतून वर्षानुवर्षे चालू आहे. दुसऱ्या शब्दाकडे मात्र आपण फारसे पाहिले नाही. अंतराळ हा विषय प्रस्थापितांच्या पोरांचा, दुर्बिणी विकत घेऊ शकणाऱ्यांचा, अशी एक अबोल वाटणी होऊन गेली. ती वाटणी मला मान्य नाही. म्हणून या लेखात मी एका अमेरिकन अंतराळ-कादंबरीमालेविषयी, आणि विशेषतः तिच्या २००९ साली आलेल्या शेवटच्या खंडाविषयी लिहिणार आहे. या पानांवर असला विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

लेखकाचे नाव ॲलन डीन फॉस्टर. मालेचा नायक फ्लिंक्स. कागदोपत्री नाव फिलिप लिंक्स. पहिली कादंबरी 'द तार-आयिम क्रँग' १९७२ साली आली, आणि शेवटची 'फ्लिंक्स ट्रान्सेंडंट' २००९ साली. सदतीस वर्षांत चौदा खंड. १९७२ म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली ते वर्ष, 'गोलपिठा' आला ते वर्ष. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण कामाठीपुऱ्यातला माणूस मराठी कवितेत येत होता त्याच वर्षी तिकडच्या आकाशकथेत बाजारात विकला गेलेला एक पोर येत होता, एवढे नोंदवून पुढे जातो.

कथा अशी. मॉथ नावाच्या ग्रहावर द्रालार नावाचे शहर आहे. तेथे गुलामांचा लिलाव होतो. त्या लिलावात एक लहान मुलगा उभा केला जातो, आणि मदर मॅस्टिफ नावाची एक फाटक्या तोंडाची, किरकोळ दुकान चालवणारी म्हातारी त्याला विकत घेते. का घेते, हे तिलाही नीट सांगता येत नाही. हा भाग १९८३ सालच्या 'फॉर लव्ह ऑफ मदर-नॉट' या कादंबरीत आहे. लिहिला नंतर, पण घडतो आधी. मुलगा गल्ल्यांतून चोऱ्यामाऱ्या करीत वाढतो. त्याला पिप नावाचा एक उडता विषारी साप सापडतो, आणि तो आयुष्यभर त्याच्या खांद्यावर राहतो. या मुलाला दुसऱ्याच्या मनातल्या भावना कळतात. विचार नव्हे, भावना : राग, भीती, किळस, लोभ, माया. ही शक्ती त्याच्या ताब्यात नाही. कधी येते, कधी जाते. मराठीत आपल्याकडे यासाठी एक जुना, चांगला शब्द आहे : मनकवडा.

पुढे त्याला आपल्या जन्माचा शोध लागतो. मेलिओरेर नावाच्या एका बेकायदा शास्त्रज्ञमंडळाने माणसाची जात 'सुधारण्यासाठी' गर्भांवर केलेल्या प्रयोगांतून तो जन्मला आहे. मंडळ पकडले गेले, शास्त्रज्ञांची मने पुसून टाकण्यात आली. पण प्रयोगातून जन्मलेली मुले? त्यांचा गुन्हा एकच, ती जन्मली. कॉमनवेल्थ या नावाचे एक मोठे, सुसंस्कृत, सहिष्णु राज्य आहे. त्यात माणसे आणि थ्रँक्स नावाचे कीटकवंशीय प्राणी बरोबरीने नांदतात. त्या राज्याच्या दप्तरात या मुलाची नोंद धोका म्हणून आहे. तो फरारी आहे, आणि तेरा-चौदा खंड फरारीच राहतो.

आपल्या वाचकाला येथे काही आठवले नाही तरच नवल. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण पाहिलेली माणसे परवापरवापर्यंत हयात होती. कायदा १९५२ साली रद्द झाला. पोलिसांच्या मनातला रद्द झाला नाही, हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने १९८७ साली सांगितले. गोरा अमेरिकन लेखक हे सगळे वाचून लिहीत होता असे मी म्हणत नाही. त्याच्या डोक्यात बहुधा युरोपातला वंशशुद्धीचा प्रयोग असावा. परंतु केवळ जन्मामुळे माणसाला दप्तरात चढवणे, हा अनुभव त्याने कल्पनेने जेथवर नेला तेथे तो आपल्याला ओळखीचा वाटतो, एवढे खरे.

मात्र मला या मालेत खिळवून ठेवले ते निराळ्या गोष्टीने. मनकवडेपण ही येथे 'शक्ती' म्हणून येते. इंग्रजीतले बहुतेक समीक्षक तिला शक्तीच म्हणतात. मला ती शक्ती वाटत नाही. ती मला फार जुनी, फार साधी कसब वाटते, आणि ती आपल्या वस्तीतल्या प्रत्येकाला येते.

मी खडवलीला राहतो. भातसा नदीकाठचे हे स्टेशन मुंबईकरांना पावसाळ्यातल्या डुंबण्यापुरते माहीत आहे. माझ्या आईने टिटवाळा-खडवली पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर उमेद घालवली. घरात पहिली पदवी माझी. आईला अक्षरओळख नाही. पण एखाद्या घरी पाणी मागायचे तर कोणत्या दारात उभे राहायचे, बाई आतून येताना तिच्या पावलांवरून पाणी तांब्यातून मिळणार की वरून ओतले जाणार, हे तिला बाई दिसण्याआधी कळत असे. तिला कोणी मनकवडी म्हटले नाही. मी कॉलेजात लागल्यावर कल्याण-डोंबिवलीत भाड्याची खोली शोधू लागलो, तेव्हा तीच कसब माझ्याही अंगात उतरलेली आहे असे मला दिसले. मालक प्राध्यापक म्हटल्यावर खुर्ची देतो. चहा मागवतो. मग विचारतो, "पूर्ण नाव काय म्हणालात, सर?" नाव सांगितल्यावर हसू तसेच राहते, फक्त डोळे क्षणभर मागे सरतात. मग "मूळ गाव?" मग "नॉनव्हेज वगैरे…?" आणि शेवटी "घरच्यांना विचारून कळवतो." त्या क्षणभरात काय घडले ते सांगायला कोणता उडता साप लागत नाही. चहा येण्याआधी मला कळलेले असते की मला पुढची कसारा लोकल पकडायची आहे.

फ्लिंक्सच्या मनकवडेपणाचे फॉस्टरने केलेले वर्णन या अनुभवाशी फार प्रामाणिक आहे. ज्याला लपून राहायचे आहे त्यालाच दुसऱ्याचे मन वाचावे लागते. ज्याला लपायचे नाही त्याला त्याची गरजच पडत नाही. आणि दुसरे असे की, दुसऱ्याची घृणा कळणे हे सुख नव्हे. फ्लिंक्सला डोकेदुखी जडते. ती खंडागणिक वाढत जाते, आणि उत्तरार्धातल्या खंडांत या डोकेदुखीनेच तो मरेल अशी वेळ येते. गर्दीत गेला की हजार जणांचे राग-लोभ त्याच्या कवटीत शिरतात. इंग्रजी वाचकाला हे कदाचित कथानकाचे एक साधन वाटेल. मला मात्र बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला रेल्वेत लागलेला तरुण आठवतो. जात न सांगता तो सहकाऱ्यांत वावरतो. प्रत्येक शब्दामागे काय आहे ते चाचपत राहतो. उघडकीला आल्यावर मार खातो. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहावे लागले आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, हेही आठवते. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस, आणि तो आपल्याच देशात फरारी! फ्लिंक्सचे वेषांतर करणे, नाव बदलणे, एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाणे वाचताना मला अंतराळ दिसत नव्हते. कामाठी बागेत गाडीची वाट पाहत बसलेला तो तरुण पदवीधर दिसत होता.

क्लॅरिटी हेल्ड या मुलीचा भागही येथे लक्षात घेतला पाहिजे. १९८८ सालच्या 'फ्लिंक्स इन फ्लक्स'मध्ये ती येते. ती स्वतः जनुकांवर काम करणारी शास्त्रज्ञ. तिचे त्याच्यावर प्रेम बसते. मग त्याचा जन्म तिला कळतो, आणि ती घाबरते. ती वाईट नाही, भली आहे, तरी घाबरते. आपल्याला शिकलेल्या, पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांतून आलेल्या किती मैत्रिणी आणि मित्र येथवर येऊन थांबलेले माहीत आहेत! फॉस्टरने तिला खलनायिका केले नाही, हे त्याचे मोठेपण.

आता बापाचा प्रश्न. आपल्याकडच्या महाकाव्यात हीन ठरवलेल्या मुलाला शेवटी उच्च कुळ बहाल करण्याची रीत आहे. कर्ण सूतपुत्र म्हणून अपमान सोसतो, आणि मग कळते की तो सूर्याचा मुलगा, कुंतीचा मुलगा. म्हणजे त्याचा अपमान चुकीचा कशामुळे? तर तो खरा सूतपुत्र नव्हता म्हणून! खऱ्या सूतपुत्राचा अपमान मग योग्यच होता, असा त्याचा अर्थ होतो. दलित साहित्याने ही रीत नाकारली. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बाप पाटील आहे हे कळूनही मुलाला त्यातून काही मिळत नाही. उलट दोन्हीकडचे घर बंद होते. फ्लिंक्सही कित्येक खंड बाप शोधतो. कर्णाची वाट फॉस्टरला मोकळी होती. एखादा सम्राट, एखादा थोर शास्त्रज्ञ बाप म्हणून काढता आला असता, आणि पुस्तके कदाचित जास्त खपली असती. २००७ सालच्या 'पॅट्रिमनी'त त्याने तसे केले नाही. वारसा असे नाव असलेल्या या कादंबरीत वारसाच नाही. त्याला बाप नाही. तो प्रयोगशाळेत जुळवलेला आहे. हा नकार मला या सबंध मालेतील सर्वांत धीट गोष्ट वाटते. या खंडाला साहसकथा म्हणून नावे ठेवता येतील. मधला हिमप्रदेशातला पाठलाग लांबलेला आहे. पण कुळाचे दार त्याने कायमचे बंद केले.

आणि म्हणूनच शेवटच्या खंडाविषयी माझी तक्रार अधिक आहे.

'फ्लिंक्स ट्रान्सेंडंट'चा आरंभ उत्तम आहे. मालेत आन्न नावाचे सरड्यासारखे, युद्धखोर, मानवांचे शत्रू असलेले प्राणी आहेत. फ्लिंक्स त्यांच्याच मूळ ग्रहावर, ब्लासुसारवर, आन्नाचे सोंग घेऊन वावरतो. शत्रूच्या राजधानीत शत्रूच्या कातड्यात! येथे पाच वर्षे मागे जाऊन २००४ सालचा 'स्लायडिंग स्केल्स' आठवला पाहिजे. त्यात फ्लिंक्सची स्मृती जाते. आपण कोण, कोठले, कसे जन्मलो हे तो विसरतो. त्याच अवस्थेत आन्न कलावंतांचा एक मेळा त्याला आपल्यात घेतो. जन्म विसरलेल्या माणसाला शत्रूने जागा दिली. जन्म माहीत असलेल्या माणसाला स्वतःच्या राज्याने दिली नाही. हा धागा लेखकाने मुद्दाम उचलला की नाही ते सांगता येत नाही, परंतु शेवटच्या खंडात एक तरुण आन्न त्याला आसरा देतो तेव्हा तो पुन्हा हाताला लागतो. एवढाच भाग घेऊन कादंबरी थांबली असती तरी मला चालले असते.

पण ती थांबत नाही, कारण विश्व वाचवायचे राहिले आहे. आकाशगंगेच्या पलीकडे एक महाभयंकर पोकळी आहे, तिच्यातून एक अमंगळ शक्ती येते आहे, ती सगळे गिळणार आहे. ऑर्डर ऑफ नल नावाचा एक पंथ तिचे स्वागत करू इच्छितो आणि फ्लिंक्सला मारू पाहतो. झुंका नावाच्या, कधीच नामशेष झालेल्या प्राण्यांनी ठेवलेले एक प्रचंड यंत्र आहे. ते चालू करायला फ्लिंक्सचेच मन लागते. विज्ञानाचे लोक ज्याला महाआकर्षक म्हणतात, ज्याकडे आपली आकाशगंगा खरोखरच ओढली जात आहे, त्याचा लेखकाने येथे उपयोग केला आहे. कल्पना भव्य आहे, हे मान्य. फ्लिंक्स विश्व वाचवतो. मग क्लॅरिटीबरोबर कॅशलॉट नावाच्या सागरग्रहावर संसार थाटतो. संपले.

येथे माझा पहिला आक्षेप असा की, दुष्टता समाजातून उचलून पोकळीत नेऊन ठेवली आहे. तेरा खंडांत फ्लिंक्सला कोणी छळले? पोकळीने नव्हे. त्याला विकले बाजाराने. घडवले अहंकारी विद्वानांनी. दप्तरात चढवले राज्याने. शेवटच्या खंडात या तिघांपैकी कोणालाही जाब विचारला जात नाही. द्रालारचा तो लिलाव, जेथे ही कथा जन्मली, त्याचा हिशेब कोठे झाला? सहिष्णु, बहुवंशीय, शहाण्या कॉमनवेल्थच्या हद्दीत माणसे विकली जात होती, आणि लेखक शेवटच्या पानापर्यंत त्या राज्याला शहाणेच म्हणत राहतो. आपल्याला ही भाषा माहीत आहे. गावात एकोपा होता, सलोखा होता, फक्त पाणवठा निराळा होता, असे सांगणारे ग्रामीण कादंबरीकार आपण वाचलेले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. 'पॅट्रिमनी'ने कुळाचे दार बंद केले. दोनच वर्षांनी शेवटच्या खंडाने ते मागच्या बाजूने उघडले. फ्लिंक्सचा जन्म हा कलंक नव्हे, असे सांगायला लेखकापाशी एकच युक्तिवाद उरतो : त्याचा जन्म उपयोगी पडला. त्याच्याशिवाय यंत्र चालले नसते, आकाशगंगा बुडाली असती. म्हणजे ज्याने विश्व वाचवले त्याला निवांत घर मिळाले. ज्याने वाचवले नसते त्याचे काय? मेलिओरेरांच्या प्रयोगांतून जन्मलेली इतर मुले होती, काही वेडी झाली, काही मेली. त्यांना घराचा हक्क नव्हता काय? हा युक्तिवाद आपल्या रोजच्या ऐकण्यातला आहे. संविधान लिहिले म्हणून बाबासाहेब थोर, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि तेच लोक भट्टीवरच्या बाईला घरात घेत नाहीत. थोरपणाची किंमत मोजून माणूसपण विकत घ्यायचे असेल, तर तो द्रालारचा लिलावच झाला, बोली तेवढी वाढली.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून नव्हे, फरक म्हणून नोंदवतो. फ्लिंक्सला वस्ती नाही. २००६ सालच्या 'ट्रबल मॅग्नेट'मध्ये व्हिसारिया ग्रहावर त्याला रस्त्यावरची पोरे भेटतात. त्यांच्यात तो स्वतःचे बालपण पाहतो. वाटते की आता काही जुळेल, आता तो एकटा राहणार नाही. पण लेखक त्याला पुन्हा यानात बसवून पाठवतो. अमेरिकन साहसकथेचा नायक एकटा असावा लागतो, हा त्या प्रकाराचा दंडक दिसतो. आपली आत्मकथने 'मी' म्हणून सुरू होतात आणि दोन पानांत गल्ली, भावकी, तक्क्या, जयंतीची वर्गणी असे सगळे त्या 'मी'त शिरते. आपला फरारी पळाला तरी कोणाच्या तरी खोलीवर उतरतो. बागुलांच्या नायकालाही मार खाताना सोडवायला आपलाच एक माणूस धावून येतो. फ्लिंक्सकडे साप आहे, दोन वृद्ध मित्र आहेत, शेवटी बायको आहे, समाज नाही. त्यामुळे त्याच्या वेदनेतून बंड निघत नाही, केवळ पलायन निघते, आणि शेवटी पलायनाचे बक्षीस म्हणून एकांत. यासाठी मी फॉस्टरला दोष देणार नाही. पण आपल्यापैकी कोणी उद्या असली कथा मराठीत लिहील तर तिने येथून वेगळे वळण घ्यावे.

मराठीत तशी कथा नाही, निदान मी वाचलेल्यांत नाही. मराठी विज्ञानकथा सकस आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. नामवंत शास्त्रज्ञाच्या नावाचा परीक्षकांवर भार पडू नये म्हणून. हा प्रसंग मी वर्गात सांगतो, कारण त्यांचा प्रांजळपणा मला आवडतो. पण त्यातले अंतरही सांगतो. नाव लपवण्याची त्यांची गरज नाव मोठे होते म्हणून होती. ज्याला नाव लहान ठरवले गेले म्हणून लपवावे लागते, असा माणूस मराठी विज्ञानकथेत मला अजून भेटलेला नाही. तेथे वैज्ञानिक आहेत, संगणक आहेत, परग्रहावरचे पाहुणे आहेत. परग्रहावरच्या पाहुण्याला गावात कोणत्या टोकाला उतरवतील, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

ज्यांना ही माला वाचायची आहे त्यांना एक व्यवहाराची सूचना. १९७२च्या खंडापासून आरंभ करू नका; तो तरुण लेखकाचा पहिला प्रयत्न आहे, यंत्रे फार आणि माणसे थोडी. १९८३चा 'मदर-नॉट' आधी घ्या. इंग्रजी सोपे आहे, माझ्या बी.ए.च्या वर्गातल्या वासिंद-आसनगावकडून येणाऱ्या दोन मुलींनी तो शब्दकोश फारसा न उघडता वाचला. मधले दोन-तीन खंड गाळले तरी बिघडत नाही, पण 'स्लायडिंग स्केल्स' आणि 'पॅट्रिमनी' गाळू नका. शेवटचा खंड म्हणून जाहीर झालेल्या २००९च्या कादंबरीनंतर आठ वर्षांनी, २०१७ साली, फॉस्टरने 'स्ट्रेंज म्युझिक' हा आणखी एक भाग लिहिला. त्यात फ्लिंक्स लार्जेस नावाच्या ग्रहावर जातो. तेथले रहिवासी बोलत नाहीत, गातात, आणि त्यांच्याशी बोलायचे तर त्यालाही गावे लागते. फरारीची गोष्ट मात्र आधीच मिटलेली आहे. त्या दोघींपैकी एकीने मला विचारले, "सर, कॅशलॉटवर शेजाऱ्यांना त्याने पूर्ण नाव सांगितलं असेल का?" दुसरी म्हणाली, शेजाऱ्यांनी विचारलं असेल का, ते आधी बघ.